सापळा टांगण्यापूर्वी माशी ओळखा

कारल्याच्या मांडवात आंब्याचा सापळा टांगला, तर सापळा भरतो आणि कारलीही किडतात. वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात असे सहज घडू शकते, कारण इथल्या वाडीत भाजीच्या मांडवाला लागूनच पेरू, जाम, चिकू, आंबा उभे असतात. आंब्याच्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असते. त्याच्या वासाने शेजारच्या पेरू-आंब्यावरच्या माश्या येतात, डबी मेलेल्या माश्यांनी भरते, आणि आपण निर्धास्त होतो. कारल्याला डंख करणारी माशी मात्र त्या वासाकडे ढुंकूनही पाहत नाही. ती दुसऱ्या प्रजातीची असते आणि तिला दुसरा वास लागतो.

म्हणून फळमाशीचे शास्त्रीय वर्गीकरण वाडीवाल्याने थोडेसे तरी समजून घ्यावे. कोणता सापळा घ्यायचा, तो कुठे टांगायचा आणि सापळ्याचा उपयोगच नसेल तर काय करायचे, हे सारे त्यावर ठरते.

आधी कुल तपासा

माशी ‘द्विपंखी’ गणातली असते. तिला उडण्यासाठी पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारे दोन छोटे दांडे असतात. या गणात शंभरावर कुले आहेत. त्यांतल्या दोन कुलांतल्या माश्यांना आपण सर्रास फळमाशी म्हणतो.

पहिले कुल ड्रोसोफिलिडी. स्वयंपाकघरात पिकलेल्या वेलची केळ्यांच्या फणीभोवती, कापलेल्या अननसावर किंवा कचऱ्याच्या डब्यावर घोंगावणारी दोन-तीन मिलिमीटरची, तांबड्या डोळ्यांची चिलटे या कुलातली. आंबू लागलेल्या फळावरचे यीस्ट हे त्यांचे मुख्य खाद्य. अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० मध्ये याच कुलातल्या ‘ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर’ या जातीत पांढऱ्या डोळ्यांचा नर शोधून आनुवंशिकतेच्या अभ्यासाला दिशा दिली आणि १९३३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपल्या झाडावरच्या धडधाकट फळाला या माशीपासून सहसा धोका नसतो. घरात ती जास्त झाली, तर ग्लासात थोडे व्हिनेगर आणि भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालून ठेवावा. सुकेळीसाठी राजेळी केळी उन्हात वाळत घालणाऱ्यांनी वरून बारीक जाळी पसरावी. यापलीकडे काही करण्याची गरज नाही.

दुसरे कुल टेफ्रिटिडी. खरे नुकसान करणारे हेच. जगभरात या कुलातल्या चार हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. आपल्याकडच्या पिकांवर येणाऱ्या जाती घरमाशीएवढ्या किंवा किंचित लहान, सहा ते आठ मिलिमीटरच्या असतात. अंगावर पिवळे पट्टे, पंखांवर तपकिरी रेघा किंवा ठिपके आणि कंबर बारीक, त्यामुळे पहिल्या नजरेला लहान गांधीलमाशीच वाटते. मादीच्या पोटाच्या टोकाला अणकुचीदार अंडनलिका असते. कोवळ्या, निरोगी फळाच्या सालीत ती नलिका खुपसून मादी आत अंडी घालते. चिलटे सडलेल्या फळावर येतात, टेफ्रिटिडी मात्र चांगल्या फळाला सडवते. कुल बदलले की काम असे उलटे होते.

या कुलातल्या सगळ्याच माश्या शत्रू नाहीत. रानमोडी या तणाच्या खोडावर गाठी करणारी एक जात याच कुलातली असून, तण आवरण्यासाठी ती मुद्दाम परदेशातून आणली गेली. त्यामुळे पंखांवर नक्षी असलेली प्रत्येक माशी दिसताच फवारणीचा पंप उचलू नये.

कुलाच्या आत: आपल्या वाडीतल्या सात जाती

टेफ्रिटिडी कुलात ‘डेसिनी’ नावाचा एक गट आहे. आपल्या फळांना आणि वेलभाज्यांना त्रास देणाऱ्या बहुतेक जाती त्यातल्या. त्यांच्या तीन प्रजाती लक्षात ठेवल्या की पुरे.

बॅक्ट्रोसेरा ही प्रजाती झाडावरच्या फळांची. तिच्यातली ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस’ आंबा, पेरू, जाम, चिकू अशा अनेक फळांवर येते. पाठ बहुधा काळी, दोन्ही कडांना एकेक पिवळा पट्टा, पोटावर काळ्या रंगाची इंग्रजी ‘टी’सारखी खूण आणि पंखाच्या पुढच्या कडेने सलग गडद रेघ. ‘बॅक्ट्रोसेरा झोनाटा’ तांबूस तपकिरी असते. तिच्या पंखाच्या कडेची रेघ तुटलेली असते आणि टोकाशी फक्त एक ठिपका दिसतो. ‘बॅक्ट्रोसेरा करेक्टा’च्या पंखावरही टोकाशी ठिपका असतो, पण पाठ काळपट असते. या तिन्ही जातींचे नर मिथाइल युजेनॉलकडे येतात.

झ्यूगोडेकस ही प्रजाती वेलभाज्यांची. ‘झ्यूगोडेकस कुकर्बिटी’ कारले, दुधी, काकडी, शिराळे, पडवळ या सगळ्यांवर येते. रंग तांबूस, पाठीवर तीन पिवळे पट्टे: दोन कडांना आणि एक बरोबर मधोमध. हा मधला पट्टा दिसला की माशी बहुधा याच प्रजातीची. पंखावर टोकाकडे मोठा तपकिरी डाग आणि आडवी पट्टीही दिसते. तिची भावंड जात ‘झ्यूगोडेकस टाऊ’. या दोघींचे नर क्यू ल्युर या दुसऱ्या वासाकडे येतात, मिथाइल युजेनॉलकडे नाही.

तिसरी प्रजाती डेकस. तिच्यातली ‘डेकस सिलिएटस’ काकडी, तोंडली यांसारख्या वेलांवर आढळते. बॅक्ट्रोसेराच्या पोटाचे वरचे खंड सुटे असतात, डेकसचे एकमेकांना जुळून एकसंध झालेले असतात. दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली हा फरक कळतो. पाठीवर पिवळे पट्टेही नसतात. ही जात वरच्या दोन्ही वासांना दाद देत नाही. वेलावर किडकी फळे आहेत, क्यू ल्युरचा सापळा बरोबर लावला आहे आणि तरीही तो रिकामाच राहतो, असे झाले तर आधी या जातीचा संशय घ्यावा.

बोरांतली माशी तर डेसिनी गटातलीच नव्हे. ‘कार्पोमिया वेसुव्हियाना’ ही टेफ्रिटिडीच्या दुसऱ्या उपकुलातली. तिच्यासाठीही हे दोन्ही वास निरुपयोगी. बोरीखाली पडलेली फळे रोज उचलणे आणि जमीन हलवणे हाच तिथला उपाय.

जुनी पुस्तके वाचताना किंवा पाकिटावरचे नाव पाहताना एक सावधगिरी हवी. वेलभाज्यांची माशी आधी डेकस, मग बॅक्ट्रोसेरा आणि २०१५ नंतर झ्यूगोडेकस अशा तीन नावांनी छापलेली सापडेल, माशी तीच. उलट प्रकारही झाला. २००३ मध्ये केनियात सापडलेल्या एका माशीला २००५ मध्ये नवी जात ठरवून वेगळे नाव दिले गेले. दहा वर्षांच्या तपासणीनंतर ती आपली डॉर्सालिसच निघाली. म्हणून पाकीट घेताना माशीच्या नावापेक्षा आत कोणता वास आहे, मिथाइल युजेनॉल की क्यू ल्युर, हे वाचा.

अळी माशीचीच आहे ना?

किडके फळ हाती आले की ते कापून अळी पाहा. माशीच्या अळीला पाय नसतात, वेगळे डोके दिसत नाही. अंग पुढे निमुळते, मागे जाड आणि रंग पांढरा ते पिवळट. पूर्ण वाढलेली अळी अंगाची कमान करून टुणकन उडी मारते, ही पक्की खूण. अळी हिरवी असेल, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असतील आणि पाय दिसत असतील, तर ती वेलावरच्या पतंगाची अळी. चिकूच्या बीत शिरणारी अळीही पतंगाचीच. अशा किडींवर फळमाशीचा सापळा लावून पैसे घालवू नका.

माशी कुठे सापडते, कुठे सुटते

मादी सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि साधारण आठवडाभर गर खातात. मग फळ गळते. अळ्या फळातून बाहेर पडून मातीच्या वरच्या काही सेंटिमीटर थरात कोष करतात. आठ-दहा दिवसांनी नवी माशी मातीतून वर येते. अंडी घालण्याआधी मादीला आणखी आठवडाभर तरी प्रथिनयुक्त अन्न लागते. उबदार हवेत महिन्याभरात पिढी पुरी होते.

यावरून काही गोष्टी उघड होतात. अळी फळाच्या आत असताना वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पडलेले फळ तिथेच राहिले, तर आपल्याच वाडीच्या मातीत पुढची पिढी तयार होते. नव्या मादीला भूक असते, पण अंडी नसतात. त्या आठवड्यात तिला आमिषाने गाठता येते. आणि डंख बसण्यापूर्वी फळ झाकले, तर माशी कितीही असली तरी ते फळ वाचते.

सापळ्याचे काम आणि त्याच्या मर्यादा

या दोन वासांपैकी मिथाइल युजेनॉलच्या ओढीचा शोध भारतातच लागला. बिहारमधील पुसा येथे काम करणारे कीटकशास्त्रज्ञ फ्रँक मिलबर्न हौलेट यांनी १९१२ मध्ये नोंदवले, की सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या ओढल्या जातात आणि येणारे सगळे नर असतात. पुढे त्यांनी मिथाइल युजेनॉलपर्यंत माग काढला. तुळशीच्या पानांतही हे द्रव्य असते. म्हणून ठेचलेल्या तुळशीचा सापळा पेरूच्या झाडावर काही प्रमाणात चालतो, कारल्यावर चालत नाही.

‘सगळे नर’ या नोंदीतच सापळ्याची मर्यादा आहे. अंडी घालणारी मादी त्यात येत नाही. परिसरातले बहुतेक नर संपले, तरच माद्या वांझ अंडी घालतात. थोडे नर उरले तरी एकेक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून एकट्या सापळ्यावर विसंबू नये.

कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा आपल्याकडे परिचित आहे. आंब्याच्या बागेत हेक्टरी चार, म्हणजे पंचवीस गुंठ्यांना एक, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. वसईतल्या अनेक वाड्या एवढ्याही नसतात. तेव्हा दोन-तीन शेजाऱ्यांत एक सापळा पुरेल आणि तो कुणाच्या झाडाला टांगायचा हे मिळून ठरवता येईल. सापळे लावताना पुढील गोष्टी पाळा:

• फळबागेत दीड ते दोन मीटर उंचीवर, सावलीत आणि वारा खेळता राहील अशा फांदीला सापळा टांगा. भाजीत तो मांडवाच्या उंचीला असावा.

• आंब्यात फळ पक्व होण्याच्या सहा-सात आठवडे आधी आणि वेलभाजीत पहिले फूल दिसताच सापळा लावा.

• मिथाइल युजेनॉल आणि क्यू ल्युर एकाच डबीत घालू नका. वासात भिजवलेला एक बोळा हाताळून त्याच हाताने दुसरा लावू नका. हातमोजे घाला आणि बोळे मुलांपासून दूर ठेवा. वास डबीच्या बाहेर सांडू देऊ नका.

• पावसाळ्यात डबीत पाणी साचणार नाही आणि वास धुऊन जाणार नाही असे झाकण हवे. बोळा बदलण्याची मुदत पाकिटावर असते. ती तारीख डबीवर लिहून ठेवा.

• दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी माश्या मोजून वहीत आकडा लिहा आणि डबी रिकामी करा. आकडा चढू लागला की पिशव्या आणि आमिष यांची वेळ आली असे समजा.

फळे उचला, झाका, आमिष द्या

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय म्हणजे पडलेली फळे उचलणे. मांडवाखाली आणि झाडाखाली रोज एक फेरी मारा. वेलावरची पिवळी पडलेली, वाकडी झालेली, डंखाच्या जागी डिंक आलेली फळेही तोडा. ती शेणखताच्या ढिगावर, कुंपणापलीकडे किंवा बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावर टाकू नका. तिथे अळ्या निवांत वाढतात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे उन्हात ठेवा, नाहीतर दोन फूट खोल खड्ड्यात पुरून माती दाबा. म्हशीला किंवा शेळीला घालायची असतील, तर त्याच दिवशी घाला.

तोडणी लांबवू नका. कारली, काकडी, शिराळी कोवळी असतानाच काढली, तर अळी वाढण्याआधी फळ वाडीबाहेर जाते. पीक संपले की जुना वेल मांडवावर वाळत ठेवू नका, कारण त्यावरची शेवटची चार फळे माशीचे बियाणे ठरतात. वेल काढल्यावर जमीन उकरा, म्हणजे कोष उन्हात येतात. कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर उरलेले काम त्या करतात.

पिशवी घालण्यात वेळ महत्त्वाची. आंब्याचे फळ अंड्याएवढे झाले की २५ बाय २० सेंटिमीटरची कागदी पिशवी बांधावी, अशी कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. पेरूचे फळ लिंबाएवढे असताना झाका. कारली आणि पडवळ यांना फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांतच वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदाची पिशवी घाला. डंख बसल्यावर घातलेली पिशवी अळीला घर पुरवते. परसातल्या चार-सहा वेलांना हा उपाय उत्तम. मोठ्या मांडवात निवडक, चांगल्या भावाच्या फळांना तो करावा.

आमिष मादीलाही खेचते, आणि डेकस सिलिएटससारख्या सापळा चुकवणाऱ्या जातीलाही. प्रथिनयुक्त आमिषात कीटकनाशक मिसळून ते सगळ्या पिकावर न उडवता ठरावीक ठिकाणी, पानांच्या खालच्या बाजूस, थोडे थोडे द्यावे. वेलभाज्यांची माशी दिवसाचा बराच वेळ मांडवाबाहेरच्या उंच झाडोऱ्यावर विसावते. म्हणून कडेने मक्याची एक ओळ लावून आमिष तिच्यावरच दिले, तर भाजीवर औषध पडत नाही. कोणते कीटकनाशक त्या पिकासाठी मंजूर आहे हे कृषी अधिकाऱ्याला विचारूनच घ्या. काकडी-कारल्याच्या फुलांवर सकाळी मधमाश्या असतात, तेव्हा आमिष फुलांपासून दूर ठेवा. बावखलात मासे असतील, तर काठाची पट्टी पूर्ण सोडा. शेजारी अळू, पालेभाजी किंवा देवाची फुले असतील, तर तिथे फवारा जाऊ देऊ नका.

वसईचे वर्ष

मार्च ते जून: आंब्याला पिशव्या, मिथाइल युजेनॉलचे सापळे. मे अखेरीस आणि पहिल्या पावसात गळलेले आंबे सडत पडतात, तेव्हा माशी वेगाने वाढते. या दिवसांत फेरी चुकवू नका. जांभूळ, जाम आणि रस्त्याकडेच्या देशी बदामाखालचीही फळे उचला. बदामाकडे कुणी लक्ष देत नाही, पण पेरूच्या माशीला तो फार आवडतो.

जुलै ते ऑक्टोबर: पूर्वेकडे पारोळ-भाताणे भागात आणि पश्चिमेच्या वाड्यांत पावसाळी वेलभाज्यांचा हंगाम. फुलोऱ्यापासून क्यू ल्युर, रोज वेचणी, कोवळी तोडणी. या काळात मिथाइल युजेनॉलचे सापळे पेरू-चिकूपुरते ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पेरूला पिशव्या, जुने वेल काढणे, जमीन हलवणे, बोरीखालची सफाई. माशी कमी असते, म्हणूनच या महिन्यांत केलेले काम पुढे जास्त फळ देते.

केळीची काळजी वेगळी करावी लागत नाही. घड हिरवा, कडक असतानाच उतरवतात, आणि अशा केळ्यात ही माशी सहसा टिकत नाही. झाडावर पिकू दिलेला घड मात्र तिला सापडतो.

एकट्याने भागत नाही

माशी कुंपण मानत नाही. नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी या गावांत वाड्या एकमेकींना चिकटून आहेत. एकाने सापळा लावला आणि शेजाऱ्याच्या पेरूखाली सडा पडलेला राहिला, तर सापळा शेजाऱ्याच्याही माश्या ओढत बसतो. जपानमधील ओकिनावा बेटांवरून वेलभाज्यांची हीच माशी १९७२ ते १९९३ या काळात संपूर्णपणे हटवली गेली. तिथे वांझ केलेल्या माश्या मोठ्या संख्येने सोडल्या होत्या, पण यशाचे मूळ बेटभर एकाच वेळी काम करण्यात होते. आपल्याकडे तेवढी साधने नसली, तरी एका पाखाडीने (वस्तीने) एकाच आठवड्यात सापळे लावणे, एकाच दिवशी बोळे बदलणे आणि किडक्या फळांसाठी एक सामाईक खड्डा खणणे जमण्यासारखे आहे.

किडक्या मालाची किंमत बाजारापलीकडेही मोजावी लागते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याबरोबर कारली, पडवळ, वांगी आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली, ती मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्यामुळे. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. निर्यात न करणाऱ्यालाही अशा वेळी भाव पडण्याची झळ बसू शकते.

ओळख पटत नसेल तर

सापळ्यातल्या पाच-सहा न तुटलेल्या माश्या छोट्या बाटलीत सर्जिकल स्पिरिटमध्ये घाला. पेन्सिलने चिठ्ठीवर तारीख, गाव, पीक आणि सापळ्यातला वास लिहून ती चिठ्ठी आतच टाका. शाई स्पिरिटमध्ये विरघळते. सापळ्यात माशी येत नसेल, तर किडके फळ ओलसर वाळूवर झाकणाला जाळी लावलेल्या बरणीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत माशी बाहेर पडते. तिला दोन दिवस साखरपाणी देऊन रंग पक्का होऊ द्या, मग बाटलीत घ्या. नमुना वसईच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, डहाणूजवळच्या कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा पालघरच्या कृषी संशोधन केंद्रात दाखवा. जातीचे नाव कळले की बोळ्याचा प्रकार, सापळ्याची जागा आणि आमिषाची गरज ही तिन्ही उत्तरे एकदम मिळतात. नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी ही तपासणी करून घ्या, आणि सापळ्यांची खरेदी त्यानंतरच करा.